धवळ्याचं शिंग

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की मी आधी गोठ्यात डोकावते, मग घरात. २०२४ च्या आखाजीलाही तसंच केलं. आमच्या बैलजोडीतल्या पाखऱ्याने नेहमीसारखी मान पुढे केली. धवळ्याने केली नाही. कानात पाणी गेलेलं पोर उभं राहतं तसा तो डावीकडे मान कलती धरून उभा होता आणि मधूनच डोकं झटकत होता. डाव्या नाकपुडीखाली सुकलेल्या रक्ताची बारीक रेघ होती.

"शिंग मुरगळनं त्यानं," आबा म्हणाले. शिंगाच्या बुडाशी हळद-तेलाची चिंधी बांधलेली.

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठाला. घरात बोलणं सगळं अहिराणीत, इथे बरंचसं मी मराठीत करून लिहितेय. मी स्वतः डी. फार्म. झालेली, अमळनेरला आमचं मेडिकल आहे. म्हणजे औषधांशी रोजचा संबंध, पण माणसांच्या औषधांशी. गोठ्यातलं औषध हा आबांचा प्रांत, आणि आबांनी तो गावात येणाऱ्या एका माणसाकडे सोपवलेला. त्या माणसाकडे पदवी नाही, पण फोन केला की तासाभरात हजर, आणि पैसे पिकावर घेतो. अशा माणसाला नावं ठेवणं शहरात राहून सोपं असतं.

गोठ्याच्या दिवळीत तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. सवयीने वाचल्या. तिन्ही केटोप्रोफेनच्या, दुखणं थांबवणाऱ्या औषधाच्या. महिन्याभरात तीनदा दिलेलं. प्रत्येक वेळी इंजेक्शननंतर दोन दिवस धवळ्या चांगला चालायचा, वखर ओढायचा, मग पुन्हा मान कलती. "औषध लागू पडतंय" असं आबा धरून चालले होते. लागू पडत होतंच, हीच पंचाईत. दुखणं दोन दिवस झाकलं जायचं आणि त्या दोन दिवसांत आम्ही त्याच्याकडून काम करून घ्यायचो.

मी चिंधी सोडली. शिंगाच्या बुडाला हात लावला तर तिथे गरम, आणि शिंग पडायला आलेल्या दातासारखं किंचित हललं. धवळ्याने डोकं मागे घेतलं. वास मात्र हाताला राहिला. दोनदा साबण लावूनही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, घालून त्याला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी उजवं शिंग बोटाच्या पेराने ठोकलं, मग डावं. उजवं पोकळ वाजलं. डावं भरल्या मडक्यासारखं. त्यांनी आबांकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, शिंगाचा कॅन्सर आहे."

बैलाला कॅन्सर होतो हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या लांब शिंगांच्या पांढऱ्या बैलांत तो बराच दिसतो, गायींपेक्षा बैलांत जास्त, आणि साधारण पाच ते दहा वर्षांच्या वयात, म्हणजे ऐन कामाच्या. धवळ्या तापीकाठचा खिल्लारी, आठ वर्षांचा. कारण एकच एक सांगता येत नाही, पण जुवाचं घासणं, शिंगं साळणं-तासणं, वर्षानुवर्षं रंग फासणं यांच्यावर संशय घेतला जातो. आबांनी तेवढंच ऐकलं. पोळ्याला धवळ्याची शिंगं ते स्वतः साळतात, कोणाला हात लावू देत नाहीत. पुढची दहा मिनिटं ते काही बोललेच नाहीत.

उपाय एकच, शिंग बुडापासून काढायचं आणि वर कातडी शिवून घ्यायची. ऑपरेशन परवा, सकाळी साडेसहाला. इतक्या लवकर का, तर मे महिन्यातलं खान्देशचं ऊन, आणि गुंगीच्या औषधाने जनावराला अंगातली उष्णता सांभाळता येत नाही. बाराच्या उन्हात गुंगीतला बैल तापून जातो.

त्यांनी टेप काढून छातीचा घेर घेतला, ७० इंच. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी ५८. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३०० केलं की वजन पौंडात येतं. ९४७ पौंड, म्हणजे ४३० किलो. काट्यावर न चढणाऱ्या जनावराचं वजन काढायची ही जुनी रीत. मला ती फार आवडली, कारण आमच्या दुकानात माणसांचं वजनसुद्धा कोणी विचारत नाही.

गुंगीसाठी झायलाझिन. नाव मी ऐकलेलं, पण बाटली कधी हातात आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, याची गंमत म्हणजे घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात बैल आडवा होतो. सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा आणि आमचा धवळ्या वजनाला सारखेच भरले तरी घोड्याचा डोस धवळ्याला दिला तर तो उठायचाच नाही. त्यात हे औषध कमी आणि जास्त अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्यांत मिळतं. म्हणून ते दरवेळी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतात, समोर कोणी असो-नसो. गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर ते टाळतात, गर्भाशय आवळतं. या औषधाच्या वाटेला ज्याने त्याने जाऊ नये ते एवढ्यासाठी.

आम्हाला काम एकच दिलं. चोवीस तास वैरण बंद, बारा तास पाणी बंद. गुंगीत पोट थांबतं, रवंथ थांबतो, ढेकर थांबतो. पोट भरलेलं असेल तर फुगतं, नाहीतर चारा उलटून श्वासनळीत जातो.

ठरल्या दिवशी पहाटे पाचला टेम्पोत चढवताना मला धवळ्याच्या ओठाला पीठ दिसलं. मायकडे बघितलं तर ती पदराआड.

"उपाशी कसा ठेवू वं त्याले? रातभर गव्हाणकडे देखे," ती म्हणाली. "दोनच भाकरी तं दिन्यात."

दोन भाकरी आणि वर ओंजळभर ढेप, हे नंतर वहिनीने सांगितलं. मी डॉक्टरांना फोन केला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, कारण टेम्पोचं भाडं ठरलेलं होतं आणि दोन चुलतभाऊ काम सोडून आले होते. डॉक्टर चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्या या." त्या रात्री माय गोठ्यात झोपली नाही. आबा झोपले, मायवर पहारा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात निंबाखाली कडबा आणि वर गोणपाट अंथरलं होतं. डॉक्टरांनी बाटली वाचली, "वीस मिलिग्रॅम दर मिलीला," आणि मानेत सुई दिली. जेमतेम दोन मिली. एवढ्याशा औषधाने एवढा बैल? मी घड्याळ लावलं.

तीन मिनिटं काहीच नाही. पाचव्या मिनिटाला पापण्या जड झाल्या. मग खालचा ओठ लोंबला आणि त्यातून लाळेची तार सुटली, तुटेचना. घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. आठव्या मिनिटाला तो पुढचे गुडघे टेकून खाली बसला, मागचं अंग सावकाश सोडलं आणि उजव्या कुशीवर कलंडला. लगेच भरपूर मुतला, तोही त्या औषधाचाच गुण. डॉक्टरांनी मानेखाली पोत्याची उशी अशी सरकवली की घसा वर आणि तोंड खाली राहील, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. डोळे उघडेच होते, त्यांत मलम घालून वर ओलं फडकं टाकलं.

"मरी ग्या का वं माय?" आबा माझ्या कानाशी. मी त्यांचा हात धवळ्याच्या छातीवर ठेवला.

"आता कोणी बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. ही झोप आवाजाने मोडते. रस्त्यावर एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला तर धवळ्याचा कान खरोखर हलला.

मला वाटलं, झालं, आता करवत. डॉक्टरांनी एक बारीक सुई घेतली आणि दुखऱ्या शिंगाच्या बुडाशी हलकेच टोचली. धवळ्याचा मागचा पाय झटक्यात आखडला. फडक्याखाली त्याने कण्हल्यासारखा आवाज काढला.

"बघा. झोपलाय, पण दुखतंय त्याला."

झायलाझिनने दुखणं थोडं कमी होतं, पण शिंग कापण्याइतकं नाही. गुंगी आहे ती त्याने हलू नये, घाबरू नये म्हणून. दुखू नये यासाठी वेगळं औषध, लिग्नोकेन. हे मात्र माझ्या ओळखीचं. दात काढताना हिरडीत देतात तेच, दोन टक्क्यांचं, आमच्या फ्रिजशेजारच्या फळीवर असतं. डॉक्टरांनी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्यामधली हाडाची धार अंगठ्याने चाचपली. त्या धारेखालून शिंगाकडे जाणारी नस जाते. मधोमध, धारेच्या खाली सुई घालून औषध सोडलं. मग शिंगाच्या बुडाभोवती थोडं थोडं, कडं घातल्यासारखं.

"आता दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांत मला लहानपणची एक दुपार आठवली. गावात बैल बडवायला, म्हणजे खच्ची करायला, माणूस यायचा, चिमटा घेऊन. गोऱ्ह्याला चौघे मिळून पाडायचे, पाय बांधायचे, आणि दोराचं एक टोक मी धरलेलं. कसलंही औषध नाही. गोऱ्हा आधी हंबरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. तो गप्प झाला की आम्ही पोरं म्हणायचो, आता नाही दुखत त्याला. ढोरं दुखणं दाखवत नाहीत, ही त्यांची जातच तशी. कळपात जो लंगडतो त्याच्यावर लांडग्याची नजर आधी पडते.

दहा मिनिटांनी तीच सुई, त्याच जागी. काही नाही. जरा खोल. काही नाही. पाय तसाच सैल.

करवत म्हणजे दोन मुठींची वळलेली तार. त्याआधी बुडाशी कातडी चिरून दोन बाजूंना सोडवून घेतली, शेवटी ती एकमेकींवर ओढून शिवायची असते. मग दोघांनी आळीपाळीने तार ओढायची आणि एकाने पाणी टाकायचं. पाणी असूनही जळक्या केसांसारखा वास सुटलाच. मला काम दिलं होतं श्वास मोजायचं. मिनिटाला चौदा. मग बारा. डॉक्टर मान न वळवता विचारायचे, "किती?" आणि मी आकडा सांगायची. त्या आकड्याला धरून राहिल्यामुळेच मी तिथे उभी राहू शकले. चुलतभाऊ नाही राहू शकला, तो निंबामागे जाऊन बसला.

शिंग सुटलं तेव्हा रक्ताची एक चिळकांडी माझ्या ओढणीवर आली. चिमट्याने नस पकडून बांधली. शिंगाच्या आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी भरलेलं होतं, गुलाबी-पांढरं, हात लावला की रक्त. ते खरवडून काढल्यावर कपाळात एक भोक दिसलं. शिंगाची पोकळी कपाळाच्या पोकळीला आणि तिथून नाकाला जोडलेली असते. धवळ्या श्वास सोडायचा तेव्हा त्या भोकात रक्ताचे बुडबुडे यायचे. नाकातून रक्त का येत होतं ते मला तेव्हा कळलं.

शिवण चालू असताना मला त्याची डावी कूस जरा वर आल्यासारखी वाटली. बोटाने टिचकी मारली, ढोल. डॉक्टरांनी शेवटचे टाके भराभर घातले आणि सगळ्यांनी मिळून धवळ्याला छातीवर बसवलं, दोन्ही बाजूंना भरलेली पोती लावून. अर्ध्या मिनिटाने त्याने लांबलचक ढेकर दिला. आयुष्यात कोणाच्या ढेकराचं मला एवढं कौतुक वाटलेलं नाही. तो दोन भाकरींचा दिवस असता तर काय झालं असतं, हे माय समोर नसल्यामुळे कोणीच बोललं नाही.

झायलाझिनवर उतारा असतो, योहिंबिन म्हणून. त्याची गरज पडली नाही. तासभर आम्ही निंबाखाली बसून राहिलो, आणि गिधाडांचा विषय तिथे निघाला. मी डॉक्टरांना त्या तीन बाटल्यांबद्दल सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. केटोप्रोफेन जनावरांसाठी जुलै २०२३ पासून बंद आहे, आणि त्याच्याबरोबर ॲसिक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं दुसरं औषधही, कारण गायीच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. डायक्लोफेनॅक तर २००६ पासूनच बंद. ते दिलेलं जनावर एकदोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं का मरतात हे कोडं २००४ मध्ये सुटलं, पण तोवर उशीर झाला होता. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात आपल्या देशात हजारातलं एक उरली.

आबा इतका वेळ धवळ्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होते. ते म्हणाले, पूर्वी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत नुसता सांगाडा. आभाळातून एकामागून एक उतरायची, जमिनीवर उड्या मारत चालायची. "आम्ही समजनूत, दुसरीकडे चाली ग्यात."

मला वेगळंच आठवत होतं. डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या. २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीचं ते इंजेक्शन तीन मिलीच्या एका डोसातच विकायचं असा नियम केला, कारण मोठ्या बाटल्या माणसाच्या नावाने निघायच्या आणि गोठ्यात जायच्या. मी शिकले तेव्हा हा नियम पाठ केला होता. त्याच्या मागे गिधाड आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल.

धवळ्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम लिहून दिलं, ते गिधाडांना बाधत नाही. किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला दोनशे पंधराच्या आसपास. माणसाची पंधराची गोळी धरली तर एका वेळी चौदा गोळ्या. सोबत अँटिबायोटिक, आणि माश्या बसू नयेत म्हणून फवारा. बैल पायावर उभा राहिला, नीट गिळायला लागला, की मग पाणी.

मी अमळनेरला परत आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाला फोन केला तर म्हणाला, आज इंजेक्शन नाही दिलं, गरज वाटली नाही. एकदम गप्प उभा आहे. मी विचारलं, रवंथ करतोय का? तो बघून येतो म्हणाला. पाच मिनिटांनी फोन आला: रवंथ नाही, कान मागे, आणि दात खातोय, कटकट आवाज येतोय. रात्री नऊला पशुधन पर्यवेक्षक घरी येऊन सुई देऊन गेले. सकाळी मायचा फोन. ती काही बोलली नाही, फोन नुसता गोठ्यात धरला. चघळण्याचा आवाज इतका स्पष्ट येत होता की गिऱ्हाईक समोर असूनही मी ऐकत राहिले.

टाके निघाले, जखम भरली. गाठ परत येऊ शकते म्हणून दर महिन्याला बूड चाचपून बघायचं आहे, ते आबा रोज बघतात. त्या पोळ्याला त्यांनी उरलेलं शिंग साळलं नाही, रंगही लावला नाही. नुसतं तेल, आणि शिंगाच्या टोकाला घालायची एक शेंबी. दुसरी शेंबी मायने देव्हाऱ्यात ठेवून दिलीय.

मागच्या आठवड्यात दुकानात एक जण आला. पायाला गाळ, घाईत.

"ताई, म्हैसले दुखानं इंजेक्शन दे ना. ते तीन मिलीवालं. पाच दे."

काय होतंय तिला, विचारलं. कालपासून पाय टेकत नाही म्हणाला. ते औषध ढोराला चालत नाही, मी सांगितलं. गुरांच्या डॉक्टरला बोलवा, १९६२ ला फोन लावला तर गाडी येते. पाय बघितल्याशिवाय नुसतं दुखणं झाकू नका. मी गिधाडांचंही सांगायला लागले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी मान हलवत.

मग रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात छोटी काळी पिशवी होती.